चार खंडी माळ

माझं नाव मनकर्णा. हे आजीचं नाव माझ्या गळ्यात बांधताना मला कोणी विचारलं नव्हतं. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात मंजुषा, स्वाती, सुप्रिया अशी हजेरी चालू असताना मध्येच ते यायचं आणि मागच्या बाकावर कोणीतरी हमखास खोकायचं. मी चिडायची. मी तशी लवकरच चिडते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या चिडण्याचाही हात होता.

१९९३चा भादवा चालू होता. एम.फिल.साठी सरांनी मला एक माळ दिला. म्हणजे माळाचं काम दिलं. वाळूजचे कारखाने संपतात तिथून पुढे शंभर एकर गायरान होतं. एका सरकारी खात्याला तिथे झाडं लावायची होती. चराई बंद करायला गाव तयार नव्हतं आणि मोकळी सोडायला खात्याचे साहेब तयार नव्हते. शेवटी असं ठरलं की विद्यापीठाने आकडा काढायचा आणि तेवढ्याच मेंढरांना पास द्यायचा. माळ न उजाडता त्यावर किती मेंढरं जगतात, याला पुस्तकात धारणक्षमता म्हणतात. सर म्हणाले, "शब्दाला घाबरू नकोस. गवत काप, वाळव, तोल आणि भाग दे."

मी शब्दाला घाबरलेच नव्हते. मला भीती होती ती औरंगपुऱ्यातून निघून लूनावर तिथवर पोचायची. ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे. आज मोर्चा, उद्या बंद, परवा परीक्षा पुढे ढकलली. सोळा वर्षं ते चाललं होतं. त्यात लोकांची घरं जळाली होती, माणसं गेली होती, आणि आमच्यासारख्या जमीनवाल्या घरांतून त्यावर सहसा दबक्या आवाजातच बोललं जायचं. विद्यापीठ बंद असलं की मी माळावर जायची. गवताला बंद माहीत नव्हता.

माझ्या हातात एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी लोखंडी चौकट असायची. ती डोळे मिटून फेकायची, पडेल तिथलं गवत कात्रीने मुळालगत कापायचं, पिशवीत भरायचं आणि वर चिठ्ठी लावायची. अशा अठ्ठेचाळीस चौकटी घ्यायच्या होत्या. तिसऱ्या चौकटीलाच एक म्हातारा काठीवर हनुवटी टेकून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मागे मेंढरं होती.

"बाई, बाज घेऊन फिरताय व्हय?" तो म्हणाला. "अन् ह्याला सुतळी इनायची राहिलीय."

तो केरबा. त्या माळावर आता एकट्याचाच कळप राहिला होता, बाकीच्यांची पोरं कारखान्यांत लागली आणि मेंढरं विकली गेली. त्याचा मुलगा त्रिंबकही बजाजनगरात खोली करून राहत होता आणि दर रविवारी येऊन बापाला सांगत होता की आबा, मेंढरं विका, आमच्या गेटावर वॉचमनची जागा आहे. केरबामामांना ती जागा माहीत होती. एकदा जाऊन बघून आले होते.

"दिवसभर गेटावर उभं राहून मान्सं मोजायची," ते मला म्हणाले. "सकाळी किती आत गेली, सांच्याला किती भाईर आली. मेंढरू मोजलं तर वळखीचं तरी असतं."

त्यांची बायको सुगंधाबाई, म्हणजे माझ्या सुगंधामामी, दुपारी भाकरी घेऊन यायच्या. मला त्यांनी नाव विचारलं, मी नाइलाजाने सांगितलं, आणि त्या एकदम खूश झाल्या. "मनकर्णा. लई येळानं एक धड नाव ऐकलं," म्हणाल्या. त्या दिवसापासून माझ्या वाटणीची भाकरी वेगळी येऊ लागली.

मामांना गवताचं पातं न् पातं माहीत होतं. मी लॅटिन नाव लिहायची, ते आपलं सांगायचे: हे पवन्या, मेंढरू आधी ह्यालाच तोंड लावतं. ही कुसळी, कोवळी असली तर खातं, पुढं लोकरीत रुततं. हा तरोटा, ह्याला कुनी इचारत नाय. कारखान्याच्या रस्त्याकडून गाजरगवत वर सरकत होतं. ते दिसलं की मामा बोलता बोलता वाकून उपटायचे. एकदा माझ्या चार पिशव्या मेंढरांनी फाडून खाल्ल्या. मी इतकी चिडले की कात्री फेकून दिली. मामांनी कात्री उचलून आणली आणि म्हणाले, "काय काय खाल्लं ते तर कळलं ना? पवन्याची पिशवी आधी फाडली का नाय बघा." पिशव्या पाहिल्या. आधी पवन्याचीच फाडली होती.

सरांनी दिलेला एक छापील तक्ताही भरायचा होता. त्यात पहिला प्रश्न, 'परिसरातील जनावरांची संख्या'. मी विचारलं, "मामा, माळावर जनावरं किती?"

"लई. परवाच कपारीतून दोन निघाली. तुमी त्या दगडावर बसू नका."

मी 'दोन' लिहिलं आणि तसंच दगडावर बसले. मामींनी मला हाताला धरून उठवलं तेव्हा कळलं की इकडे जनावर म्हणजे साप. पुसून नीट लिहिलं आणि त्यानंतर आपण शब्दांच्या बाबतीत सावध झालो आहोत अशी माझी समजूत झाली.

पुढचा प्रश्न होता, 'गवताचे उत्पादन: स्थानिक अंदाज'. मी विचारलं, "मामा, ह्या माळाचा तुमचा अंदाज काय?"

"चार खंडी," ते लगेच म्हणाले. विचार करायलाही थांबले नाहीत.

मी शेतकऱ्याची मुलगी. आमच्या घरी ज्वारी खंडीने मोजली जायची. वीस मण म्हणजे एक खंडी. मी लिहिलं, चार खंडी. त्याखाली रकाना होता, 'चराईचा काळ'. तिथे मी न विचारताच 'बारा महिने' लिहून टाकलं. बैलाला बारा महिने लागतं, मेंढराला का लागणार नाही, इतका साधा हिशोब.

दिवाळीपर्यंत अठ्ठेचाळीस पिशव्या वाळल्या. तोलून, गुणून शंभर एकरांचं गवत निघालं छत्तीस हजार किलो. त्यातलं निम्मं माळासाठी सोडायचं असतं, नाहीतर पुढच्या वर्षी उगवायला काही उरत नाही. राहिलं अठरा हजार. एका मेंढराला वर्षाला पाचशे किलो. भाग दिला. छत्तीस आले.

मामांच्या कळपात किती मेंढरं होती हे मी मोजलं नव्हतं, पण छत्तीसच्या दुपटीहून जास्त होती एवढं डोळ्यांना दिसत होतं. आकडा बघून मला वाईट वाटलं. भाकरी आठवली. मग मी मामांचा अंदाज पडताळून पाहिला: चार खंडी म्हणजे ऐंशी मण, तीन हजार दोनशे किलो. आणि माझं गवत छत्तीस हजार. इतकी चूक? वाईट वाटणं संपलं आणि मी चिडले. ज्या माणसाला मी तीन महिने गुरू समजत होते त्याला आपल्या माळाचं गवत दहा पटीने कमी दिसतं म्हणजे काय. त्याच तिरीमिरीत मी अहवालात वाक्य लिहिलं: 'गवताविषयी स्थानिक मेंढपाळाने दिलेल्या माहितीचा भरवसा धरता येत नाही.'

अहवाल टाइप करायला मी औरंगपुऱ्यात आशाबाईंकडे दिला. पन्नाशीच्या बाई, चष्म्याला दोरी, आणि टाइपरायटरवर बोटं अशी चालायची की समोर बसलेल्याला आपलं बोलणं थांबवावं लागे. त्यांची एक रीत सगळ्या विद्यार्थ्यांना ठाऊक होती. कोणताही प्रबंध असो, त्या पहिलं पान सगळ्यात शेवटी टाइप करायच्या. पहिल्या पानावर विद्यापीठाचं नाव असतं. "नाव ठरतंय," त्या म्हणायच्या, "तोवर आतलं उरकून घेऊ." सोळा वर्षं त्यांनी आतलं उरकून घेतलं होतं. नामांतरासाठी त्या दोनदा तुरुंगात जाऊन आल्या होत्या आणि मुदत संपत आलेल्या कितीतरी मुलांसाठी शेवटी त्यांनी ओठ घट्ट मिटून जुनंच नाव टाइप करून दिलं होतं.

माझ्या त्या वाक्यापाशी त्यांची बोटं थांबली.

"हे असंच ठेवायचं का, बाई? भरवसा धरता येत नाही?"

"का? चूक आहे का काही?"

"शुद्धलेखन बरोबर आहे. पण हे वाक्य आम्ही लई ऐकलंय. लिहिणाऱ्याने परत जाऊन विचारलेलं मात्र कधी ऐकलं नाही."

मी म्हणाले, "तुम्ही टाइप करा." त्यांनी केलं.

चौदा जानेवारीला, संक्रांतीच्या दिवशी, नामविस्तार जाहीर झाला. दुसऱ्या दिवशी मी अहवाल आणायला गेले तर आशाबाईंच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग होता. आत त्या माझं पहिलं पान टाइप करत होत्या. एकेक अक्षर मोठ्याने म्हणत: डॉ., मग बाबासाहेब, मग आंबेडकर. तिथे त्यांना थांबावं लागलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मराठवाडा विद्यापीठ पुरं केलं. मग कागद काढून मला दिला, हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, "हे पहिलं. तुमच्या अहवालाचं नशीब चांगलंय." मला फार बरं वाटलं, आणि आतल्या त्या वाक्याची आठवण होऊन थोडं खटकलंही. पण बैठक चार दिवसांवर आली होती.

बैठक गावच्या शाळेत होती. भिंतीवर अ अननसाचा, आ आगगाडीचा, आणि खाली चाळीसएक माणसं मांडी घालून. खुर्च्या दोनच, एकीवर साहेब आणि दुसरीवर सर. मामा पुढे बसले होते. धुतलेलं धोतर होतं, काठी आडवी ठेवली होती. मामी दारात, उंबऱ्याला पाठ लावून. त्रिंबकही कंपनीतून सुट्टी काढून आला होता. वॉचमनचा अर्ज त्याच्या खिशात होता हे मला नंतर कळलं.

साहेबांनी अहवाल वाचायला घेतला. मन लावून वाचत होते बिचारे, काही गाळत नव्हते. माझ्या वाक्यापर्यंत आले आणि तेही वाचलं.

मामांनी वर बघितलं. माझ्याकडे बघितलं. शेजारचा कोणीतरी खाकरला. मला त्या मातीत चौकटीसकट गाडून घ्यावंसं वाटलं, कारण ते वाक्य खोलीत बसून लिहिताना मला शास्त्रीय वाटलं होतं आणि आता ते एका माणसाच्या तोंडावर मारल्यासारखं ऐकू आलं.

"तर आकडा असा," साहेब म्हणाले, "छत्तीस. छत्तीस मेंढरांना पास मिळेल. बाकीची काढावी लागतील."

मामांनी दाराकडे मान वळवली. "छत्तीस मंजी किती गं?"

"दोन खंडीला चार कमी," मामी म्हणाल्या.

मी उठून उभीच राहिले. "मामी, काय म्हणालात? खंडी?"

"व्हय, खंडी. ईस मेंढरांची खंडी. तुमच्यात ईस नसतात का?"

सगळे हसले. मी हसले नाही. चार खंडी. त्यांनी मला गवत सांगितलंच नव्हतं. मी माळाचा अंदाज विचारला आणि मेंढपाळाने मेंढरांत सांगितला: ऐंशी. ज्वारी मोजणाऱ्या घरातल्या मुलीने त्याचे मण केले, किलो केले, आणि त्याला खोटा ठरवून मोकळी झाली.

पण ऐंशी आणि छत्तीस हेही जुळत नव्हतं. मी खिडकीतून बघितलं. माळ समोर पसरला होता, वाळलेलं गवत गुडघाभर उभं, आणि त्यावर एकही मेंढरू नव्हतं.

"मामा, मेंढरं कुठं आहेत?"

"गंगंकाठी. अप्पारावाच्या वावरात बसवलीत, खतासाठी." इकडे गंगा म्हणजे गोदावरी.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. दरसाल जातो. ह्या वावरातून त्या वावरात."

"आणि माळावर परत कधी?"

"जेठात. जेठ, आखाड, सरावन, भादवा, अश्विन अन् कार्तिक लागला की निघालो. तुमी भादव्यात आल्या म्हनून आमी हितं दिसलो. इचारलं आस्तं तर सांगितलं आस्तं."

पाच महिने. आणि मी बारा लिहिले होते, न विचारता. मी सरांकडे बघितलं. सर चष्मा पुसत होते, जो आधीच स्वच्छ होता. मग मी खडू घेतला आणि फळ्यावर, चाळीस माणसांसमोर, भागाकार मांडला. वर्षाला पाचशे, तर पाच महिन्यांना दोनशे आठ. अठरा हजाराला दोनशे आठने भागलं. शहाऐंशी आले.

"माझी चूक झाली," मी म्हणाले. आयुष्यात हे वाक्य मी फार कमी वेळा उच्चारलंय, आणि त्या दिवशी ते एकदा म्हणून भागेना, म्हणून दोनदा म्हणाले. "मी खंडीचा अर्थ विचारला नाही. महिनेही विचारले नाहीत. माळ शहाऐंशी मेंढरं सोसतो. मामांचा अंदाज माझ्या आधीच बरोबर होता."

त्रिंबक बापाकडे बघत राहिला. मामा उठले, काठी टेकत माझ्याजवळ आले.

"आकड्याचं काय व्हायचं ते हुईल," ते हळू म्हणाले. "पर ते भरवसा नाय म्हनलंय, ते काडा बाई."

तीन प्रती होत्या. तिन्हींवर मी ते वाक्य खोडलं, बाजूला लिहिलं की माहिती अचूक होती, विचारणाऱ्याला कळली नाही, आणि खाली सही केली. मामांनी वाचून दाखवायला सांगितलं. दाखवलं. "परत," म्हणाले. परत वाचलं. मग जाऊन आपल्या जागेवर बसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते मी खडूच्या धुळीवर ढकललं.

साहेबांनी पेन उघडलं. "चला, बरं झालं. पास शहाऐंशीचा लिहितो."

"ऐंशी लिवा," मामा म्हणाले.

"अहो, शहाऐंशी बसतायत की. सहा जास्तच मिळतायत तुम्हाला."

"त्या सहांना कोंडू कुटं? वाघरंत चार खंडीच मावत्यात."

वाघर म्हणजे रात्री मेंढरांभोवती उभं करायचं दोरीचं जाळं. शाळेत हशा पिकला. साहेबही हसले, म्हणाले, पास कमी करून मागणारा माणूस नोकरीत पहिल्यांदाच बघितला. सर माझ्याकडे झुकून म्हणाले, "घ्या. म्हणजे आपण तीन महिने कात्रीने गवत कापून एका जाळ्याचं माप सिद्ध केलं." मलाही हसू आलं, पण जरा खट्टूही झाले. एवढं खोडून, सही करून झाल्यावर मामांचा अंदाज माळाचा नव्हताच की काय?

"मामा, खरं सांगा. चार खंडी तुम्ही वाघर बघून सांगितलीत, का माळ बघून?"

"वाघर बघून," मामा म्हणाले. "अन् वाघर माळ बघून इनलीय. माझ्या बापाच्या येळंला मेंढरं वाडत गेली, सात खंडी झाली. माळ बोडका झाला. एका साली निम्मी मेली, माझ्या देखत. मंग बाप तीन वर्सं नुस्ता माळ बघत फिरला. किती खाल्लं, किती उगवलं. तिसऱ्या साली त्यानं ही वाघर इनली, चार खंडीची. मरताना मला म्हनला, फाटली तर सांद. वाडवू नगं."

आता कोणी हसत नव्हतं. साहेबांनी ऐंशी लिहिलं. त्रिंबकने खिशातला अर्ज काढला, चार घड्या घातल्या आणि बापाला न दाखवता परत खिशात ठेवला.

मी खाली मांडी घालून मामींच्या शेजारी बसले. मला इतका आनंद झाला होता की कोणाला तरी तो सांगावा असं वाटत होतं. अठ्ठेचाळीस चौकटी, कात्री, तराजू, भागाकार एका बाजूला, आणि एक निरक्षर माणूस तीन वर्षं माळ बघत फिरलेला दुसऱ्या बाजूला. दोघांत फरक सहा मेंढरांचा. आणि त्या सहांतही, दुष्काळी साल धरलं तर, तोच बरोबर होता. दुष्काळी साल मी धरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लूना काढली आणि मापाची टेप घेऊन गंगंकाठी गेले. अप्पारावांच्या वावरात वाघर उभी होती, मेंढरं चरायला बाहेर पडली होती. जाळं जुनं, ठिकठिकाणी सांधलेलं, नव्या दोरीचे पांढरे तुकडे लगेच ओळखू येत होते. मी मामींना टेपचं एक टोक धरायला दिलं.

"आता ह्येचं काय काडनार?" त्यांनी विचारलं.

"माप. प्रबंधात पहिल्या तक्त्यात टाकणार आहे."

"मंग ताणून धर," मामी म्हणाल्या. "ढिली धरशील अन् परत चाळीस मान्सांत फळ्यावर लिवायला लागंल."

मी ताणून धरली.